अरुणाक्कांची कॅप्सूल

न्यूमोनियानं दवाखान्यात आलेल्या अरुणाक्का मगदूमांचा ताप उतरला आणि इंजेक्शनं थांबवून त्यांना कॅप्सूल सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल सिस्टरच्या हातातली कॅप्सूल त्यांनी उजेडात धरून बघितली.

"पोरी, ह्यात काय वंगाळ न्हाय न्हवं? आम्ही जैन. कांदासुद्धा खात न्हाय."

"काय न्हाय गं आई, औषधच हाय," मुलगा जिनेश घाईनं म्हणाला आणि त्यानं स्नेहलला व्हरांड्यात बोलावलं. "सिस्टर, वरचं आवरण जनावराच्या हाडापासनं करत्यात, मला ठाऊक हाय. पण तिला कळलं तर औषधच सोडंल. गप बसा की!"

कालच्या तीन कॅप्सूल स्नेहलनंच दिल्या होत्या, आवरणाचा विचारही न करता.

"त्यांनी मला सरळ विचारलंय. खोटं सांगून मी गिळायला लावणार न्हाय," ती म्हणाली. "आणि औषधही चुकू देणार न्हाय. दहा मिनिटं थांबा."

तिनं डॉक्टरांना फोन लावला. तेच औषध साध्या गोळीत मिळत होतं. डॉक्टरांनी बदलून दिलं. गोळीत जनावराचं काही नाही, हे तिनं खालच्या मेडिकलवाल्याकडून खात्री करून घेतलं. मग ती आक्कांच्या कॉटवर बसली आणि तिनं कालच्या तिन्ही कॅप्सूलसकट सगळं सांगून टाकलं.

"आधी विचारायला पायजे होतं. चूक माझी हाय, आक्का."

आक्कांनी जिनेशकडे मान वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

जिनेशनं फरशीकडे बघत होकारार्थी मान हलवली.

"कागलच्या एमआयडीसीत चाळीस माणसं ह्याला साहेब म्हणत्यात, आणि आईला खरं सांगायला टरकतोय!"

सगळा वॉर्ड हसला. जिनेशही हसला, कान लाल झालेले.

"झालं ते झालं. आज उपास धरतो मी," आक्का म्हणाल्या.

"उपास न्हाय! गोळी जेवणानंतरची हाय."

"मग णमोकार मंत्राची एक माळ जास्त ओढतो. चालंल?"

"पळंल," स्नेहल म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं.

नाश्ता करून आक्कांनी गोळी घेतली. शेजारच्या कॉटवरून कबनूरच्या तानाबाईंनी हात पुढं केला.

"आणि माझी कॅप्सूल कुठं हाय? आण की. मला तर मटणबी चालतंय!"