दारातला प्रसंग

तिने आवाज बंद केला आणि प्रसंग पुन्हा सुरुवातीला नेला. पडद्यावरच्या कृष्णधवल दिवाणखान्यातून एक बायको बॅग उचलून तरातरा दाराकडे निघाली.

"तू त्याचं म्हण, मी तिचं म्हणते," ती नवऱ्याला म्हणाली.

ही दोघांची जुनी पद्धत. जुन्या अमेरिकन विनोदपटांवर, आणि ते स्वतःच लिहून स्वतःच दिग्दर्शित करणाऱ्या अवलियांवर, दोघं मिळून पुस्तक लिहीत होती. गंमत शब्दांत आहे की चित्रात, हे ठरवायचं तर आवाज बंद करून संवाद आपणच मराठीत म्हणायचे. आज शेवटचं प्रकरण होतं. ते संपलं की ती बहिणीकडे राहायला जाणार होती, कायमची. कडाक्याचं भांडण असं काही झालंच नव्हतं. नवऱ्याने उभ्या संसारात प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेली. तिचे वडील गेले त्या दिवशीही स्वारीने एक कोटी केलीच. ती थकली होती.

पडद्यावरच्या नवऱ्याने तोंड उघडलं. त्याचं वाक्य होतं, 'जातेस तर जा, पण आधी माझा चष्मा शोधून दे. तुला जाताना नीट बघायचंय.'

"नको ना जाऊस," हा म्हणाला.

पडद्यावरच्या बाईचे ओठ हलत राहिले. ही नवऱ्याकडे वळली.

"हे त्याचं वाक्य नाही," ती हलकेच म्हणाली.

"माहीत आहे."

तिने प्रसंग मागे नेला. "घे, पुन्हा म्हण."

त्याने चष्म्याचं वाक्य म्हटलं, अगदी वेळेवर. तिला खरंच हसू फुटलं, आणि त्याला वेडी आशा वाटली. पडद्यावरची बायको दारातून वळली, बॅग टाकून नवऱ्याच्या गळ्यात पडली.

"लिही," डोळे पुसत ती म्हणाली. "ती का परतते, याचं कारण चित्रपटात कुठेच सापडत नाही. नवरा मजेशीर बोलला, एवढंच. लेखकाला ती परत यायला हवी होती, आणि दिग्दर्शकही तोच. मग त्याला अडवणार कोण?"

हाच प्रसंग तो वीस वर्षं भेटेल त्याला कौतुकाने सांगत आला होता. त्याने मुकाट्याने टाइप केलं. पूर्णविराम द्यायला त्याचं बोट धजेना.

"मग तिने काय करायला हवं होतं?"

"जायला हवं होतं रे," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. तो तिची पाठ थोपटत राहिला.