अप्पांच्या रायफलीचा पट्टा

वीरभद्रप्पा गेल्यावर त्यांची जुनी शिकारी रायफल ठाण्यात जमा करणं भाग होतं. ते काम त्यांच्या एकुलत्या मुलीकडं, महेश्वरीकडं आलं.

मंद्रूपच्या घरात ती रायफल कायम बिनपट्ट्याचीच टांगलेली असायची. नळीखाली एक कडी, दस्त्याखाली एक, दोन्ही रिकाम्या. पट्टा चामड्याचा. लिंगपूजेच्या घरात चामडं नको, म्हणून अप्पा तो रानातले जुने सोबती भीमाकाका यांच्याकडं ठेवत. पिकात रानडुकरं शिरली की दोघं राखणीला जायचे, अप्पा हवेत बार काढायचे, पट्टा काकांकडं सोडून घरी यायचे. महेश्वरीला ठाऊक होतं ते इतकंच.

अप्पांची वस्तू पोत्यासारखी काखेत मारून न्यायला तिचं मन धजेना. त्यांच्यासारखी खांद्याला लावून न्यावी, म्हणून ती काकांच्या ओट्यावर येऊन बसली होती.

काकांनी पेटीतून पट्टा काढला, तेलाचं बोट फिरवून मऊ केला. "खालच्या कडीतनं आदी घाला, ताई. आता बक्कल. मग वरची कडी. वढा की जोरात. सुटून पायावर पडली, तर आप्पा वरनं मलाच शिव्या घालत्याल."

महेश्वरी हसली. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच.

पट्ट्याच्या मधोमध एक काळपट, कडक डाग होता. "हे कसलं, काका?"

"रगात की," चहा घेऊन आलेल्या नागूबाई म्हणाल्या. "डुकराचं पाय त्यानंच बांदायचे दोगं. किती घासलं, जाईना."

"पण अप्पा तर हवेत बार काढायचे."

"मग आमच्या चुलीवर काय हवा शिजायची व्हय? त्या खांबाला टेकून बसायचे आप्पा. रस्सा लई आवडायचा. मीठ कमी पडलं की म्हनायचे, नागू, आज भीमाशी भांडलीस जनू."

"तू आत जा की," काका म्हणाले.

नागूबाईंनी एकदा नवऱ्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. "लेकीला ठावं न्हाय व्हय?"

काका पेटीचं झाकण लावू लागले.

महेश्वरीनं प्रदीपशी लग्न केलं, त्याला तप उलटलं होतं. प्रदीप चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, बौद्ध घरातला. अप्पांनी आरडाओरडा केला नव्हता. एवढंच म्हणाले होते, "तुझ्या घरी वशाट शिजणार. माझ्या गळ्यात लिंग आहे. तुझ्याकडचं पाणीही मला चालायचं नाही." माणसाचं व्रत आहे, असं समजून तिनं ते मानलं. घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नाही. प्रदीप बिचारा रविवारी मित्राकडं जाऊन खायचा. सासूबाई आजारी पडल्या, तोंडाला चव नाही म्हणून मटणाचा रस्सा मागत होत्या, तोही तिनं बाहेरच्या बाहेर पाजायला लावला. तरी अप्पा सोलापूरला आले की रिक्षातच बसून राहत, ज्वारी तेवढी वर पाठवत. शेवटी दवाखान्यातही तिनं त्यांना खानावळीतून विकत आणलेली पेज भरवली होती.

"शेवटचे कधी जेवले तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"औंदा, सुगीत," काका खाली बघत म्हणाले.

ती रायफल खांद्याला लावून घरी आली. आई, कमलम्मा, उंबऱ्यातच उभी होती. पट्टा दिसताच मागं सरली.

"अगं, ते कशाला आणलंस? रगात हाय त्याला. भीमाकडंच ऱ्हाऊ द्यायचं की."

रक्ताचं महेश्वरीनं अजून काही सांगितलंच नव्हतं.

"अव्वा, तुला ठाऊक होतं."

"नवऱ्याच्या तोंडाचा वास बायकूला कळत न्हाय व्हय?"

"मग माझ्याकडचं पाणी का नाही चाललं?"

कमलम्मानं आधी रस्त्यावर नजर टाकली. "भीमाकडं अंधारात जायचे. तुज्याकडं दिवसाउजेडी यावं लागलं असतं. गाव बगतं, बाई."

"आणि तू? तू का नाही आलीस?"

"थांब, चादर देते," आई म्हणाली. "गुंडाळून ने."

"नको."

पट्टा अप्पांच्या उंचीचा होता. पावलागणिक दस्ता तिच्या मांडीवर आपटत होता. तिनं तो आखूड केला नाही. मागच्या बोळानं ठाणं जवळ पडलं असतं, पण ती बाजाराच्या रस्त्यानं निघाली.

मठाच्या कट्ट्यावर अप्पांचे चुलतभाऊ ईरप्पा आणि आणखी चार वडीलधारी माणसं बसली होती. ईरप्पांनी हाक मारली, "पोरी, हे चामडं कुठलं गं? आमच्या वीरभद्रप्पाच्या घरात असलं काही नव्हतं."

"भीमाकाकांच्या घरचं आहे, काका," महेश्वरी थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अप्पा तिथं जेवायचे."

"जेवायचे?"

"पोटभर," ती म्हणाली आणि ठाण्याकडं वळली.