आरशातला दादा

"फोटो आण गं, बघून करता येईल," कलेच्या बाई म्हणाल्या.

"कशाला? दादा मला तोंडपाठ आहे!" मी ऐटीत सांगून टाकलं.

आठ महिन्यांपूर्वी साध्याशा वाटणाऱ्या तापाने दादा गेला. तेव्हापासून आई कामापुरतंच बोलते. "जेवलीस?" "दार लाव." त्याचा विषय निघाला की उठून जाते. म्हणून मी ठरवलं, मातीत असा हुबेहूब दादा घडवायचा की आईला बोलावंच लागेल.

तीन आठवडे शाळा सुटली की मी मातीत. नाक जमलं. हसू दाबताना फुगणारा ओठसुद्धा जमला. भुवईवरची खोक तर कोरणीने एका फटक्यात ओढली. मग डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून कडेवर घरी आणलं. केवढं जड! इतकी वर्षं त्याने मला उचललं, आता माझी पाळी.

ओट्यावर ठेवून फडकं काढलं. "आई, बघ!"

तिने वाकून बघितलं. "हा तो नाही."

मी डोकं उजेडाकडे वळवलं.

"खोक डावीकडे होती. झोपाळ्यावरून पडला तेव्हा मीच दाबून धरली होती. तू उजवीकडे केलीस."

"काहीतरीच! मी रोज बघायचे त्याला..."

रोज बघायचे, पण आरशात. सकाळी तो मागे उभा राहून माझी वेणी घालायचा. "हलू नकोस झिपरे, नाहीतर कानही विणून टाकीन!" मी आरशातूनच त्याला जीभ दाखवायचे. वळून कधी नीट बघितलंच नाही. अख्खा दादा मी उलटा पाठ केला होता.

"मला तो आठवतही नाही गं धड," मी रडायलाच लागले.

आईने अंगठा पाण्यात बुडवला. खोक बुजवली, मलम लावावं तशी हळूच. मग डाव्या भुवईवर नखाने रेघ ओढली. "इथे. तीन टाके. डॉक्टरांना चावला होता गाढव." ती हसली, आणि हसता हसता तिचा बांधच फुटला.

सकाळी मी दादाला आरशासमोर, माझ्या मागच्या कपाटावर ठेवलं. आरशात खोक बरोबर माझ्या ओळखीच्या जागी आली. मी जीभ दाखवली.

तो नुसताच बघत राहिला.

आईने मागून येऊन माझ्या हातातला कंगवा घेतला. तिने घातलेली वेणी सैल होते. मी मात्र हलले नाही.