नदीची ओटी

“थांबा बाई,” कौसाबाई म्हणाली. “हे कुणाचं वाचताय?”

“तुमचंच की. हे बघा, वरती नाव आहे. कौसाबाई, वय सत्तर, राहणार मांजर्ली.”

“मग पुन्यांदा वाचा.”

सुनंदाबाईंनी जाड पुठ्ठ्याचा तो प्रबंध जरा उजेडाकडे धरला. “‘पूर ओसरल्यावर मी आधी देव्हाऱ्यातला गाळ काढला. देव पुसून पुन्हा जागेवर मांडले. मग खण-नारळ घेऊन काठावर गेले आणि नदीमाईची ओटी भरली. म्हटलं, माये, तूच नेलंस, तूच राखलंस...’”

वाचता वाचताच त्यांचा आवाज उतरला. समोरच्या भिंतीवर देव्हारा नव्हता. त्या घरात तो कधीच नव्हता. तिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि पुराच्या वेळी छातीएवढ्या पाण्यातून कौसाबाईने आधी काय वर नेलं असेल, तर त्या दोन तसबिरी. तांदळाचं पिंप मागून. हे सुनंदाबाईंना ठाऊक होतं. दोघी एकाच शाळेत, एक शिक्षिका आणि एक शिपाई, म्हणून निम्मं आयुष्य काढलेल्या. पुरानंतर गाळ काढायला त्या स्वतः पदर खोचून इथे आल्या होत्या.

“माझ्या बापानं घरचे देव टोपल्यात घालून ह्याच नदीत सोडले,” कौसाबाई म्हणाली. “छप्पन साली. मी आईच्या काखेत होते. त्याच नदीची वटी भरायला लावली व्हय मला?”

प्रबंध आला म्हणून तिने सकाळीच इस्त्रीची साडी नेसली होती. नात वैष्णवीला पेढे आणायला पाठवलं होतं. ती पेढे घेऊन आली, तेव्हा घरातला सूर बदललेला. तिने प्रबंध हातात घेतला, पहिली पानं चाळली आणि म्हणाली, “आजी, इकडे तर लिहिलंय, ‘सर्व मुलाखती माझ्या शिक्षिका सुनंदाबाई यांच्या उपस्थितीत, त्यांच्यासोबत बसून घेतल्या.’”

कौसाबाईने मान वळवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “बाई, हे लिवताना तुमी व्हतात?”

“नव्हते. शपथेवर सांगते, नव्हते.”

“मग तुमचं नाव?”



प्रबंध लिहिणारी किर्ती सुनंदाबाईंची चौथीपासूनची विद्यार्थिनी. सुनंदाबाईंच्या वर्गाची एक रीत होती: पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. झाडावर निबंध असला की पोरं आधी झाडाखाली. कुंभारावर असला की वर्ग अख्खा कुंभाराच्या दारात. बाकीच्या शिक्षिका हसायच्या, “तुमचा वर्ग फिरस्त्यांचा हो!” त्या फिरस्त्यांत सगळ्यात पुढे किर्ती असायची. नाकाने वास घेऊन, बोटाने चिखल चाचपून लिहायची. एम.ए.ला ‘पूर आणि स्त्रिया’ हा विषय घेऊन ती आली, तेव्हा सुनंदाबाईंनीच तिला हाताला धरून कौसाबाईच्या दारी नेलं होतं. “माझी पोरगी आहे. हिला सगळं सांगा,” एवढं बोलून त्या दोघींना सोडून घरी परतल्या होत्या. प्रबंध छापून आला, तोही आपण आधी न वाचता, कौसाबाईसोबतच वाचायचा म्हणून तसाच आणला होता.

त्या संध्याकाळी सुनंदाबाई रिक्षा करून उल्हासनगरला, कॅम्प पाचला, किर्तीच्या घरी गेल्या.

“बाई! फोन करायचा ना, मीच आले असते.” किर्ती वाकून पाया पडली. “कौसाबाईंना आवडलं?”

“तू कितीदा गेलीस त्यांच्याकडे?”

“तुम्ही नेलं होतं ना, तेव्हा.”

“ते एकदा. आणि?”

किर्तीने ओढणी नीट केली. “त्या दिवशी चार शब्द बोललो, तेवढ्यात गाइड सरांचा फोन आला, लगेच निघावं लागलं. रविवारी येते म्हणाले, पण मग सबमिशन आलं ना बाई. सगळी घाई.”

“मग त्या इतकं बोलल्या कधी?”

“बाई, तुम्ही रागावणार. मी चॅटबॉटला सगळी माहिती टाकली. वय, गाव, तळमजला, पूर, सत्तरीची बाई. त्याने फ्लोमध्ये लिहून दिलं. सगळेच करतात, खरंच. आमच्या वर्गात एकानेही हाताने नाही लिहिलेलं. सरांना तर तुमच्या कौसाबाईंचाच भाग सगळ्यात जिवंत वाटला.”

“त्यांच्या घरात देव्हारा नाही, किर्ती.”

“हो? मला वाटलं, म्हातारी बाई आहे, म्हणजे असणारच.” मग तिच्या लक्षात आलं.  “पण नाव बदलून टाकू ना. सिंपल. कोण वाचतंय ते?”

“आणि माझं नाव?”

“तुमच्या नावाला वजन आहे बाई. गाइड म्हणाले, मुलाखतीला साक्षीदार पाहिजे.” किर्तीने त्यांचा हात धरला. “उद्या सर फोन करतील तुम्हाला. फक्त ‘हो, मी होते’ एवढं म्हणा. माझा पीएचडीचा प्रवेश अडकलाय. तुम्हीच शिकवलंत ना मला. प्लीज.”

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सुनंदाबाईंना चौथीतली ती मुलगी दिसली, चिखलाचं बोट फ्रॉकला पुसणारी. त्यांनी हात सोडवून घेतला.

“त्या रविवारी कौसाबाईंनी तुझ्यासाठी जेवण करून ठेवलं होतं,” एवढंच म्हणून त्या उठल्या.

सकाळी फोन आला. सर मोठे गोड बोलले. मुलगी हुशार आहे, औपचारिकता म्हणून विचारतो, मुलाखतींना आपण होतात ना? सुनंदाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. एका ‘हो’वर पोरीचं सगळं सुरळीत होणार होतं.

“मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “आणि ती मुलाखत झालीच नाही. कौसाबाईंचं नाव त्यातून काढा. माझंही.”

 “ठीक आहे, बघतो,” असं म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला. दुपारी किर्तीचा एकच मेसेज आला. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

ऊन उतरल्यावर सुनंदाबाई कौसाबाईच्या दारात गेल्या. ती ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. कौसाबाईने ऐकून घेतलं.

“तुम्हाला वाटलं तर,” सुनंदाबाई म्हणाल्या, “मी लिहून घेते. तुम्ही सांगाल तस्सं. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.”

“नगं बाई.”

“कधीही सांगा. घाई नाही.”

“नगं. माझं हाय, माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

तिने जरा सरकून चटईवर जागा केली. सुनंदाबाई बसल्या. दोघी वाल सोलू लागल्या. सालं मध्ये पडत होती. सोललेल्या वालांचं पातेलं मात्र कौसाबाईने आपल्या पलीकडच्या अंगाला ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी सुनंदाबाईंना त्यासाठी हात लांब करावा लागत होता.