डाव्या हातातला नारळ

या, असे पुढे सरका. मागच्या सतरंजीवर बसलात तर नुसती पेटी ऐकू येईल आणि गोष्ट निसटेल. गोष्ट आगाशीच्या जयवंतीबाईंची. फार लांबण लावणार नाही. पण ऐकून घरी जाताना शेजारच्या बंद दाराकडे तुमची नजर जाईल, एवढं मात्र कबूल करतो.

तर जयवंतीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या, तरी गॅस बंद करायचं सोडून त्या मोबाइलमधला एक फोटो बोटांनी मोठा करून पाहत होत्या. फोटो कालचाच. गावातल्या ज्येष्ठ मदत गटाने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचे घरोघरी जाऊन सत्कार केले होते. त्या निमित्ताने आत जाता येतं, कुणाचे हाल होत असले तर कळतं, म्हणून ही कल्पना निघाली होती, आणि ती जयवंतीबाईंचीच होती. फोटोत आत्माराम गुरुजी शाल पांघरून बसलेले, मागे मुलगा श्रीरंग, सून अश्लेषा. आणि देवळातला नारळ गुरुजींच्या डाव्या हातात.

डाव्या?

गुरुजी म्हणजे कीर्तनाला पहिल्या रांगेतला माणूस. बुवांच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचे, इतके की बुवा पुढची ओळ विसरायचे. असा माणूस देवाचं काही डाव्या हातात घेईल? उजवा हात शालीखालून बाहेरच आला नव्हता. आणि दीड महिना झाला, ते कीर्तनाला आले नव्हते. "गुडघे धरलेत," असं श्रीरंग सांगायचा.

जयवंतीबाईंनी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत आयाचं काम केलं होतं. पडून मोडलेला हात कुठला आणि पिरगळून मोडलेला कुठला, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. आणि काल मुलासुनेच्या देखत, वीस माणसांत, त्यांनीच मोठ्याने विचारलं होतं, "काय गुरुजी, मजेत ना?"

"मजेत," गुरुजी म्हणाले होते. वर टाळ्याही पडल्या होत्या.

कुकर चौथ्यांदा ओरडला. त्यांनी गॅस बंद केला आणि ॲनिशाला फोन लावला. ॲनिशा शेजारच्या पापडी गावची मुलगी, पोलिसात शिपाई, गटाच्या मदतीला यायची.

"ॲनिशा, काल आपन घान केली गं. मारनाऱ्यासमोर मार खानाऱ्याला इचारलं."

"मावशी, आज सुट्टी आहे माझी."

"बरंच झालं. वर्दी घालू नको. आनि कालची बॅनरवाली मंडळी पन नकोत."

ॲनिशा पोचेपर्यंत जयवंतीबाईंनी पदर तीनदा खोचला, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. भात कुकरातच राहिला.

दार अश्लेषाने उघडलं. श्रीरंग कामावर गेलेला. "बाबा झोपलेत काकू. प्रसाद आणलाय का? माझ्याकडे द्या ना."

"ज्याचा त्याच्या हातावर द्यायचा असतो गो बाय. झोपले तर बसते उशाशी."

"वहिनी, घोटभर चहा मिळेल? डोकं धरलंय माझं," म्हणत ॲनिशा सरळ स्वयंपाकघराकडे वळली. पाहुणीच्या मागे जाणं अश्लेषाला भाग पडलं.

गुरुजींच्या खोलीला बाहेरून कडी होती. कडी नवी कोरी. तिच्याखाली चौकटीतून सांडलेला भुसा अजून झाडायचा राहिला होता. जयवंतीबाईंनी ती आवाज न करता सरकवली.

गुरुजी जागेच होते. उजवं मनगट उशीवर ठेवलेलं, सुजलेलं, एका बाजूला कललेलं.

"पडलो," ते आपणहून म्हणाले.

जयवंतीबाई खाटेच्या कडेला टेकल्या.

"न्हाणीघरात."

"बरं."

आत कपबश्या वाजल्या. अश्लेषा कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि घाई केली तर हा माणूस कायमचा गप्प झाला असता.

"बुवा इचारत होते," त्या म्हणाल्या. "म्हनाले, हसनारे गुरुजी नसले तर माझे विनोद पडतात."

गुरुजी हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच फाटलं. "दोनदा वाट चुकलो हो मी. कीर्तनाहून येताना. एकदा तर लोकांनी पार चांदीप गावाहून आणून सोडलं. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा श्रीरंगने दारातून ओढलं. हात सोडला नाही त्याने, मीही थांबलो नाही." मग हळूच म्हणाले, "डॉक्टरला काय सांगायचं, म्हणून गेलो नाही. त्याला पोलिसात नका देऊ."

"आधी हात. पुढचं तुमी सांगाल तसं. पन त्या कडीचं मी इचारनार, तुमी नको म्हनालात तरी."

अश्लेषा चहा घेऊन दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. तिने कप खाली ठेवला. "कडी मीच लावते काकू," ती म्हणाली. "हे कामावर गेले की दिवसभर मी एकटी. बाबा पुन्हा हरवले तर? कुणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं." मग तिने कपाटातून गुरुजींचा धुतलेला सदरा काढला. बाहीतून हात जाईना, तेव्हा कात्री आणून शिवणच उसवली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. "आजोबा, हाड वाकडं जुळलंय. कसं झालं हे?"

अश्लेषा जमिनीकडे पाहत होती. जयवंतीबाईंनी ओठ आवळून धरले. आता एक शब्द जरी आपण बोललो तरी सांगणं गुरुजींचं राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मुलाने ओढला," गुरुजी म्हणाले. "लिहा."

डॉक्टरने लिहिलं.

"तो वाईट नाही. तेही लिहा."

"त्याला या कागदावर जागा नाही, आजोबा."

गुरुजींनी मान हलवली. कागद सहीसाठी पुढे आला, तसा त्यांनी अंगठ्याची शाई नाकारली. चाळीस वर्षं मुलांना सुलेखन शिकवलेल्या त्या माणसाने पेन डाव्या मुठीत धरून, एकेक अक्षर ओढत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मागे रांग खोळंबली होती. कुणी घाई केली नाही.

आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आत्माराम गुरुजींची आठवण ठेवा. आणि मन मोठं करता आलं, तर त्या श्रीरंगचीही.