सुरमईचं चौथं चाक

जागृतीच्या घरच्या शोकेसमध्ये अकरा गाड्या होत्या. दहा आपापल्या चाकांवर उभ्या, आणि अकरावी तीन चाकांवर आणि एका खोडरबरावर.

ही अकरावी म्हणजे सुरमई. रंग आकाशी, पोट रुपेरी, आणि शेपटीला माशाच्या परांसारखे दोन टोकदार पंख, म्हणून सुरमई. खऱ्या गाडीच्या बरोब्बर चोविसाव्या हिश्श्याची. असली जुनी अमेरिकन गाडी पोयनाडच्या रस्त्याला कुणी जन्मात पाहिली नसेल. पण जागृतीच्या बाबांनी तेरा वर्षांचे असताना तिचे एकशे बारा तुकडे प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक करून कापले, घासले, चिकटवले, रंगवले. तीन महिने लागले. आणि एवढं करून पूर्ण झालेली सुरमई धावली किती? चार बोटं.

चारच बोटं का, ते घरात दर दसऱ्याला नव्याने सांगितलं जायचं.

घर ट्रकवाल्यांचं. पणजोबांचं मिठागर सुटलं तेव्हा आजोबांचा ट्रक आला, ट्रक थकला तेव्हा बाबांचा कंटेनरवाला ट्रेलर आला. पण दसऱ्याच्या दिवशी चाक असलेली कुठलीही वस्तू सखुबाई आजीच्या तावडीतून सुटायची नाही. हळदकुंकू, झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडलं की इडापिडा टळली! ट्रक, सायकल, शेजारच्या बाळाचा पांगुळगाडा, एका वर्षी तर गॅस सिलिंडरखालची ट्रॉलीसुद्धा. तर तीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आजी ताट घेऊन निघाली आणि तिला ओट्यावर उभी असलेली सुरमई दिसली. नवीकोरी गाडी, आणि पूजा नाही? आजीने चारही चाकांना बोटभर हळदकुंकू फासलं, पुढच्या चाकाखाली टपोरं लिंबू ठेवलं आणि गाडीला मागून जो काही रेटा दिला म्हणता!

कट्.

एक्सल मोडला. चाक टुणटुण उड्या मारत ओट्यावरून अंगणात गेलं, ते गेलंच. लिंबाला ओरखडासुद्धा नव्हता. संध्याकाळी त्याचं सरबत झालं.

"गाडीच कच्ची होती," हे आजीचं म्हणणं तेव्हापासून आजपर्यंत कायम होतं. आणि बाबांचं म्हणणं काहीच नव्हतं. त्यांनी सुरमईखाली खोडरबर लावलं, ब्रश आणि गोंदाच्या ट्यूबा पत्र्याच्या ट्रंकेत टाकल्या आणि पुन्हा एकही किट हातात घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वेळ कुठे असतो?"

आता जागृतीविषयी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. मग गणपतीत मंडळाचा निवेदक आयत्या वेळी पळाला आणि कुणीतरी तिच्या हातात माईक कोंबला. तो माईक तिने पाच दिवस सोडला नाही. त्यानंतर तिला वाटायला लागलं की आपल्याला काहीही जमेल. दहावीचं वर्ष असूनही मे महिन्यात तिने ती ट्रंक उघडली आणि ऑनलाइन मागवलेली एक छोटी जीप एकटीने जुळवली. दोन बोटं एकमेकांना चिकटली, टेबलावर रंग सांडला, आईची बोलणी खाल्ली, पण जीप अशी झाली, अशी झाली की विचारू नका!

एकच गोष्ट तिला खुपत होती. ती कामाला बसली की बाबा दारात येऊन उभे राहायचे. दोन मिनिटं बघायचे. हात उचलल्यासारखा करायचे आणि "छान" म्हणून निघून जायचे. जागृतीला बाबा दारात नको होते, शेजारच्या खुर्चीत हवे होते. सुरमई जोवर खोडरबरावर आहे तोवर बाबा दारातच राहणार, हे तिने ओळखलं. पण चाक आणायचं कुठून? किट बनवणारी कंपनीच वीस वर्षांपूर्वी बंद पडली होती.

आणि मग दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी तिच्या फोनवर एक मेसेज आला. बाबांनी लहानपणी सगळे किट जिथून आणले, त्या दुकानाचा.

"अलिबागचं छंद भांडार या रविवारी कायमचं बंद होत आहे. कांतीशेठ दमले आहेत, रागावलेले नाहीत. जुन्या पोरांनी आपापल्या गाड्या घेऊन शेवटचं भेटायला यावं." खाली दुकानाच्या आतल्या भिंतीचा फोटो होता. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नावं. ज्याने गाडी पुरी करून शेठना आणून दाखवली, त्याचं नाव भिंतीवर आणि पुढे गाड्यांचा आकडा. जागृतीने फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या ओळीत होतं: जीवन, पोयनाड, १०.

तिने फोन बाबांच्या नाकासमोर धरला. बाबा जेवत होते.

"दहा?" बाबांचा घास हातात राहिला. "अकरा पाहिजे."

"दाखवली कुठे तुम्ही अकरावी? मग चला ना रविवारी!"

"रविवारी न्हावाशेवा बंदरात ट्रेलर लावायचाय."

"बाबा, दुकान बंद झालं की भिंतीला रंग देणार. मग तुम्ही जन्मभर दहाच."

बाबांनी घास परत ताटात ठेवला. कोपऱ्यात वाल सोलत बसलेली आजीच एकदम करवादली, "कशाला तिकडं जातांव? जुनं उकरून काय मिलतं का?" आणि दाणे सोडून सालंच टोपात टाकायला लागली.

रविवारी सकाळी जागृतीने सुरमईला चपलांच्या खोक्यात कापूस घालून निजवलं. बाबांनी गाडी काढली. ती निघणार एवढ्यात मागचं दार उघडून आजी आत येऊन बसली. डोक्यात अबोलीचा वळेसर, हातात पिशवी.

"तू कुठे गं आजी?"

"मना सुका जवला घ्यायचाय."

"जवळा पोयनाडच्या बाजारात मिळत नाही?"

"अलिबागचा बरा असतो," आजी म्हणाली आणि अलिबाग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

छंद भांडार म्हणजे खरं तर एक लांबोळकं बोळकंडं. पण आत शिरताच जागृतीची मान जी वर गेली, ती खाली येईना. छतापर्यंत फळ्या. पतंगाचा कागद, तिकिटांचे अल्बम, बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, दोऱ्याला टांगलेली विमानं. गोंदाचा, धुळीचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा असा काही वास, की तो बाटलीत भरून न्यावासा वाटेल. आणि मधे दाटीवाटीने उभी चाळीस-पन्नास वर्षांची 'पोरं'! कुणाच्या डोक्याला टक्कल, कुणाचं पोट गल्ल्याला टेकलेलं, आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक इवलीशी गाडी. "याचा बंपर आठवतो का?" "अरे, तू तर दिवे उलटे लावलेले!" असा नुसता गलका.

"अरे जीवन!" गल्ल्यामागून कांतीशेठ ओरडले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. "केटला मोठा झाला रे! आणि ही? तुझी दीकरी?"

"मी जागृती. मी पण बनवते!" जागृतीने खोकं उघडलं. "आणि आम्हाला हिचं पुढचं डावं चाक पाहिजे."

"अरे, ही तर माझ्याकडे आहे," शेजारचे एक काका म्हणाले. ते कुलदीपकाका, पनवेलचे. त्यांच्या काखेत तस्साच किट होता, खोक्याचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेला. "अठ्ठ्याण्णव सालापासून जपलीय. माझ्याकडे असे साठ आहेत."

"मग उघडा ना काका! बघू तरी."

"छे छे! सील तोडलं की संपलं. मी उघडत नाही कधीच."

"म्हणजे तुम्ही गाड्या नाही, खोकी जमवता," जागृती म्हणाली.

दुकान खो खो हसलं. कुलदीपकाकाही हसले, पण खोक्यावरची पकड सोडली नाही.

"बरणी बघ, बेटा," शेठनी वर बोट दाखवलं. एकेकाळी गोळ्यांची असलेली भलीमोठी काचेची बरणी. दुकानाचा नियमच होता: गाडी पुरी झाली की उरलेले जादा तुकडे बरणीत टाकायचे, आणि ज्याचं काही हरवलं असेल त्याने बरणीत हात घालायचा.

जागृतीने बरणी गल्ल्यावर उपडी केली. आरसे, स्टीअरिंग, कमरेपर्यंतचेच ड्रायव्हर, वायपर. चाकं तर पन्नास! ट्रॅक्टरची, ट्रकची, रेसच्या गाडीची. सगळे काका वाकून शोधायला लागले. हे मोठं, ते रुंद, हे विमानाचं. ढीग संपत आला तशी जागृती एकेक चाक दोन-दोनदा लावून बघायला लागली. दुकान उद्या नसणार. याच्यानंतर शोधायला जागाच नाही.

आणि तळाशी एक चाक हाताला लागलं. पांढरी कड, मधे रुपेरी टोपी. तिने ते सुरमईच्या दुसऱ्या चाकाशेजारी धरलं. जुळं! फक्त हे कडेने पिवळंधम्मक होतं आणि त्यावर एक लाल ठिपका होता.

तिने नखाने खरवडलं. हुंगलं. तीस वर्षांत वास उडून गेला होता, पण रंग ओळखायला काय वेळ लागतो? ही तर हळद! आणि लाल ते कुंकू!

"बाबा," ती ओरडलीच, "हे दुसरं चाक नाही! हे आपलंच आहे!"

"कसं शक्य आहे?" बाबांनी चाक हातात घेतलं. "ते अंगणात हरवलं होतं. इथे कसं येईल?"

कांतीशेठनी चष्मा वर केला आणि बाबांच्या खांद्यावरून दाराकडे बघून हसायला लागले. "त्या लिंबूवाल्या बेनना विचार की!"

दारात आजी पिशवी छातीशी धरून उभी होती. जवळा आणायला ती गेलीच नव्हती.

"आये?" बाबा म्हणाले. "तू इथं आलेलीस?"

"येकदाच," आजी म्हणाली.

"तीनदा," शेठ म्हणाले. "एसटीने. चाक आणून म्हणाली, याचा दांडा द्या, पोराला पुरी गाडी न्यायचीय. मी बोललो, मुंबईहून माल येईल, चाक नमुन्याला ठेवा. माल काही आलाच नाही. मग चाक बरणीत टाकलं. नियम म्हणजे नियम."

"कुठं मिळालं तुला?"

"कोंबड्यांच्या खुराड्याखाली. दोन दिसांनी."

"मग मला द्यायचं ना, आये!"

"मोडकं देऊन काय करू? नीट करून देयाचं होतं." आजीने पदराने उगाच नाक पुसलं. "आन सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, हिनंच मोडली."

"मोडलीस तूच!"

"व्हय, मीच मोडली!" आजी तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. "गाडी चांगली होती. बास?"

बाबा असे हसत सुटले, असे हसत सुटले की जागृतीला त्यांच्या हातातलं चाक काढून घ्यावं लागलं.

पण चाक मिळालं तरी एक्सल होता कुठे? मोडलेल्या दांड्याचा बुंधा तेवढा चाकात अडकलेला. जागृतीने ढीग पुन्हा चाळला. मापाचं काहीच नव्हतं. तेव्हा आजी पुढे झाली. बांगड्यांत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिनांपैकी मोठी काढून तिने गल्ल्यावर ठेवली. "ह्यो दांडा होत न्हाय का?"

बाबांनी पीन उचलली, डोळ्यासमोर धरली, वाकवून पाहिली. "पक्कड आहे शेठ?" शेठनी पक्कड दिली. बाबांनी पीन सरळ केली, तोडली, काडेपेटीच्या काडीवर टोक लाल केलं आणि चाकातल्या बुंध्याला बारीक भोक पाडलं. ट्रेलरचे मणामणाचे टायर बदलणारे ते हात, पण काय अलगद चालले होते! जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली. जागृती काम करताना तिचीही तिथेच येते.

"ही बाजू धर," बाबा म्हणाले. तिला म्हणाले! जागृतीने ती घट्ट धरली. एक थेंब गोंद. दुकानातल्या सगळ्या काकांनी मनात साठ आकडे मोजले.

बाबांनी सुरमई गल्ल्यावर ठेवली आणि एका बोटाने ढकलली. ती शेठच्या चष्म्याच्या डबीपर्यंत सरळ गेली. टाळ्या अशा पडल्या की टांगलेली विमानं हलली. शेठनी कानामागची पेन्सिल काढली, भिंतीवरचं शून्य ओलं बोट लावून पुसलं आणि तिथे एक काढला. खाली नवी ओळ लिहिली: जागृती, पोयनाड, १. जीप आणलेली नव्हती, तिचा फोटोच त्यांनी जागृतीच्या फोनवर पाहिला होता. आज शेवटचा दिवस, एवढी सूट त्यांनी दिली.

तेवढ्यात मागे फर्रर्र असा आवाज झाला. कुलदीपकाकांनी खोक्याचं प्लास्टिक फाडलं होतं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "पोरी," ते म्हणाले, "पहिलं काय चिकटवायचं असतं गं?"

दसऱ्याला अंगणात ट्रेलर धुऊनपुसून उभा होता, नवरदेवासारखा. त्याच्या शेजारी पाटावर सुरमई. आजी ताट घेऊन आली. ताटात लिंबं होती. जागृती, आई आणि बाबा तिघंही एकदम किंचाळले, "आजी, नाही!" "आई, नको!" "आये, थांब!"

"मंग काय बिनपूजेची ठेवू?"

"थांब गं, हिशोब करू दे." जागृतीने मोजपट्टी आणली. "लिंबू चार सेंटिमीटर. गाडी चोविसाव्या हिश्श्याची. म्हणजे तू हिच्यासमोर दोन हात उंच धोंड्याएवढं लिंबू ठेवत होतीस! हिला लिंबूसुद्धा चोविसावा हिस्साच पाहिजे. दीड-पावणेदोन मिलिमीटर." तिने घरभर नजर फिरवली. दीड मिलिमीटरचं काय असतं?

आजी कधीच स्वयंपाकघरात गेली होती. ती मिसळणाचा डबा घेऊन बाहेर आली आणि चिमटीतून चार दाणे पाटावर सोडले. मोहरी.

"दिष्टीला मोहरीच लागते," ती म्हणाली. "लिंबाहून बरी."

चार चाकांपुढे चार मोहऱ्या. आजीने बोट पुढे केलं, मग थांबली आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली. आजीने श्वास घेऊन सुरमईला ढकललं. टुण्! गाडीने इवलीशी उडी मारली आणि पाटाच्या टोकापर्यंत धावत गेली. तिथे जागृतीने दोन्ही हात आडवे धरले होते.

"बग," आजी म्हणाली, "काय मोडलं का?"

त्या संध्याकाळी शेजारच्या खुर्चीत बाबा होते. समोर शेठनी निघताना बळेच पिशवीत टाकलेला किट होता, एकशे अठ्ठेचाळीस तुकड्यांचा. आणि त्यांच्या मागे, दारात, आजी उभी होती.

"आत ये ना गं," जागृती म्हणाली. "पिना घेऊन ये."