लोखंडाचं पाणी

"शारदे, काळं धरत नाहीये गं!"

मागच्या अंगणातून आमच्या ह्यांची हाक आली, तेव्हा बाहेरच्या खोलीत पाहुणे नुकतेच टेकले होते. देवनहळ्ळीचे मधुकरराव आणि त्यांची आत्या. माझ्या नणंदेला, शारदावन्संना, बघायला आले होते. वन्सं छत्तिशी ओलांडलेल्या, मधुकरराव बिजवर. यापुढं दुसरं स्थळ येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

चौऱ्याण्णव साल असेल. कॉटनपेटेतलं आमचं जीनगरांचं घर. पुढं दुकान, मागं अंगणात काम. रेसच्या घोड्यांचे लगाम आणि पट्टे करायचो. काळा रंग कधी विकत आणला नाही. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये महिनाभर मुरवायचे आणि ते पाणी कातड्यावर ओढायचं, की कातडं बघता बघता काळंभोर. सासूबाईंमागं ते काम वन्संकडे आलं आणि राहिलं. दुसऱ्या कुणी शिकायचं मनावरच घेतलं नाही. वन्सं कुठं चार दिवस राहायला गेल्या, की हे दुसऱ्याच दिवशी न्यायला हजर.

"अण्णा, स्वल्प थांबा," वन्सं दबक्या आवाजात म्हणाल्या.

"थांबतोय कुठला! उद्या सकाळी तबेल्यात माल द्यायचाय."

"आज तरी तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

"मला कळलं असतं तर हाक मारली असती का?"

वन्सं गेल्या, पाठोपाठ मी. फळीवर पट्टे मळकट राखाडी पडले होते. एकाची कड त्यांनी उजेडात धरली.

"हे बाभळीच्या सालीत कमावलेलं नाही, अण्णा. कड निळसर आहे. क्रोमचं आहे. ह्यात तुरटपणाच नाही, तर लोखंड धरेल कशाला?"

"व्यापारी म्हणाला, सगळं एकच."

"घेताना लोखंडाच्या पाण्याचा थेंब टाकून बघितलात?"

ह्यांनी फडका उचलून फळी पुसायला घेतली. आतून आत्याबाईंचं खाकरणं ऐकू आलं. वन्संनी दाराकडं पाहिलं. 'मला नाही माहीत' एवढं म्हणाल्या असत्या, तर मी देवाला नारळ फोडला असता.

"वहिनी, चहाचं आधण इकडं आणा. दूध नको. डब्यातली सगळी पावडर टाका."

"अहो, पाहुण्यांचा चहा तो!"

"आणा हो."

चहाचा तुरटपणा आधी कातड्यात चोळायचा, मग वरून लोखंडाचं पाणी. पट्टे हळूहळू काळवंडायला लागले. वन्संचे हातही.

पाहुण्यांना मी दूध दिलं.

"चहा नाही वाटतं तुमच्यात?" आत्याबाई म्हणाल्या.

"दूध बरं, आत्या. बसमध्ये झोप तरी लागेल," मधुकरराव हसले. माणूस चांगला होता.

"आणि मुलगी?" आत्याबाईंनी विचारलं.

तेवढ्यात हे हात पुसत आले, खुशीत. "माफ करा हं. आमच्या शारदेवाचून माझं दुकान एक दिवस चालायचं नाही बघा!"

कौतुकानंच म्हणाले. मला अजूनही तसंच वाटतं.

आत्याबाईंनी पेला खाली ठेवला. "मग देणार कशी हो तुम्ही तिला?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. शिकवीन कुणाला तरी, आणीन बाजारचा रंग, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ह्यांनी मान खाजवली.

"ते... बघू की. रेसचा सीझन तर संपू दे."

"सरी, बरं तर," म्हणून आत्याबाई उठल्या.

मधुकरराव चप्पल घालत रेंगाळले. तेवढ्यात वन्सं दारात आल्या. नव्या साडीचा पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. आत्याबाई बघतच राहिल्या. वन्संनी हात पदराखाली घेतले नाहीत. तसेच जोडले.

"ऊन फार आहे," त्या मधुकररावांना म्हणाल्या. "आत्याबाईंना चालवू नका. मॅजेस्टिकच्या बसस्टँडला जायला कोपऱ्यावर ऑटो मिळेल."

"बरं," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "येतो."

ऑटो वळेपर्यंत वन्सं उंबऱ्यात उभ्या होत्या. मग मागं गेल्या. जरा वेळानं व्हिनेगरचा आंबटपणा काढायला सोड्याच्या पाण्यात पट्टे खळबळल्याचा आवाज येऊ लागला.